हाडाच्या मीडियममध्ये चरबीचे थेंब येतात तेव्हा

तक्रार नेहमीची आहे. मानवी चरबीतून काढलेल्या स्टेम पेशींना (ज्यांपासून हाड, चरबी किंवा कूर्चा बनू शकते) हाडाकडे वळवणारं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, दिलं. दहाव्या-बाराव्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली, तर कॅल्शियमच्या काळपट गाठींऐवजी पेशींच्या पोटात चकचकीत गोल थेंब दिसतात. कधी एकाच वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या एका खळग्यात, दोन्ही दिसतं. मीडियम नव्याने बनवलं तरी पुढच्या खेपेला तेच, आणि मग खापर पेशींवर फुटतं. दोष बहुतेक वेळा डेक्सामेथासोनच्या (मीडियममध्ये घातल्या जाणाऱ्या कृत्रिम स्टेरॉइडच्या, थोडक्यात डेक्साच्या) मात्रेत, त्याच्या हिशेबात किंवा त्याच्या सोबत्यांत, म्हणजे मीडियममधल्या बाकीच्या घटकांत, सापडतो. त्यामुळे पेशी फेकण्याआधी खालच्या गोष्टी तपासाव्यात.

थेंब खरोखर चरबीचेच आहेत का?

ताण आलेल्या पेशीतही पोकळ्या दिसतात, आणि फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमध्ये त्या चरबीसारख्याच भासतात. चरबीचा थेंब कडा घट्ट असलेला, प्रकाश जोरात वळवणारा आणि केंद्रकाभोवती गुच्छाने बसलेला असतो. साध्या पोकळीची कडा फिकट आणि आतला भाग निस्तेज. खात्रीसाठी हाडाच्या प्लेटमधल्या एका वेलला ऑइल रेड ओ हा चरबीला लाल करणारा रंग लावा. हा रंग लोक फक्त चरबीच्या प्लेटला (जिथे पेशींना चरबीकडे वळवणारं मीडियम दिलेलं असतं) लावतात आणि कॅल्शियम लाल करणारं अलिझरिन फक्त हाडाच्या. म्हणून मिश्र निकाल महिनोन्‌महिने नजरेआड राहतो. दोन्ही प्लेटना दोन्ही रंग लावायची सवय ठेवली तर अर्धे वाद तिथेच मिटतात.

ऑइल रेड ओचा ०.५ टक्के स्टॉक (दाट साठा-द्रावण) आयसोप्रोपॅनॉलमध्ये करा. वापरायच्या वेळी ३ भाग स्टॉक आणि २ भाग पाणी मिसळा, १० मिनिटं ठेवा, गाळा आणि तासा-दोन तासांत संपवा. शिळ्या रंगाचे लाल कण थेंबांसारखेच दिसतात. पेशी फॉर्मालिनने स्थिर करा. मिथेनॉल वापरलंत तर चरबीच धुऊन जाईल.

दोन मीडियममधला फरक वाटतो तेवढा मोठा नाही

पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली चरबीतल्या या पेशींचं वर्णन केलं तेव्हा हाडासाठी ०.१ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन वापरलं होतं आणि चरबीसाठी १ मायक्रोमोलर. आजही बहुतेक पाककृती याच दोन आकड्यांभोवती फिरतात. पाहणाऱ्याला वाटतं, कमी डेक्सा म्हणजे हाड, जास्त डेक्सा म्हणजे चरबी. गफलत इथून सुरू होते.

ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं स्टेरॉइडला प्रतिसाद देणारं प्रथिन, डेक्सामेथासोनला फार घट्ट धरतो. निम्मे रिसेप्टर भरायला साधारण ५ नॅनोमोलर पुरतं (१००० नॅनोमोलर म्हणजे १ मायक्रोमोलर). त्या हिशेबाने १० नॅनोमोलरला दोन तृतीयांश रिसेप्टर भरलेले असतात, १०० नॅनोमोलरला सुमारे ९५ टक्के आणि १ मायक्रोमोलरला ९९ टक्क्यांच्या वर. म्हणजे १०० वरून १००० वर गेलात तरी रिसेप्टरच्या दृष्टीने फार काही बदलत नाही. खरा फरक सोबत्यांचा असतो. चरबीच्या मीडियममध्ये आयबीएमएक्स, इन्सुलिन आणि इंडोमेथासिन असतं, हाडाच्या मीडियममध्ये बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि ॲस्कॉर्बेट.

पेशीच्या आत काय चालतं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. डेक्सामुळे सीईबीपी-डेल्टा हे जीन चालू-बंद करणारं प्रथिन वाढतं. आयबीएमएक्समुळे सायक्लिक एएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) साचतं आणि सीईबीपी-बीटा वर येतं. दोघं मिळून पीपीएआर-गॅमा आणि सीईबीपी-अल्फा ही चरबी घडवणारी प्रथिनं चालू करतात आणि तिथून पेशी चरबीच्या वाटेला लागते. इंडोमेथासिन पीपीएआर-गॅमाला थेटही चेतवतं. हाडाच्या मीडियममध्ये आयबीएमएक्स नसलं तरी डेक्साचा अर्धा धक्का बसतोच. ज्या दात्याच्या पेशी आधीच चरबीकडे झुकलेल्या आहेत, किंवा ज्या सीरममध्ये (मीडियममध्ये घातलेल्या रक्तद्रवात) बाकीचा मसाला आहे, तिथे तो अर्धा धक्काही पुरतो.

डेक्सा हाडाला मदत करतं हेही खरंच. पण हाडाच्या मज्जेतल्या मानवी पेशींवरच्या कामात असंही दिसलं आहे की, ही मदत रंक्स२ (हाडाचं जीन) वाढवण्यापेक्षा सॉक्स९ (कूर्चेचं जीन) खाली आणून होते, आणि त्याच वेळी पीपीएआर-गॅमा वर जातं. एकच औषध दोन्ही दारं किलकिली करतं. पेशी कुठल्या दारातून जाईल हे बाकीची परिस्थिती ठरवते.

स्टॉकचा हिशेब: सगळ्यात जास्त चुका इथे

साध्या डेक्सामेथासोनचा रेणुभार ३९२.४६. १ मिलिमोलर स्टॉकसाठी ३.९२ मिलिग्रॅम पावडर १० मिलि इथेनॉलमध्ये. त्यातलं ५० मायक्रोलिटर ५०० मिलि मीडियममध्ये टाकलं की १०० नॅनोमोलर होतं, ५०० मायक्रोलिटर टाकलं की १ मायक्रोमोलर. चार मिलिग्रॅमच्या आसपास तोलताना साध्या तराजूवर विसंबू नका. सगळी बाटली एकदम विरघळवणं जास्त भरवशाचं. २५ मिलिग्रॅमच्या बाटलीत ६.३७ मिलि डीएमएसओ हा द्रावक घातला की १० मिलिमोलर तयार. त्याचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. दारात ठेवू नका, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये तर नकोच.

आता 'पाण्यात विरघळणारं डेक्सामेथासोन' म्हणून जी पावडर मिळते ती पाहा. ते सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यात गुंतवलेलं डेक्सा असतं आणि दर ग्रॅममध्ये खरं औषध सुमारे ६५ मिलिग्रॅमच असतं. नेमका आकडा लॉटच्या लेबलवर दिलेला असतो. तो न पाहता ३९२.४६ ने भागलंत तर मात्रा पंधरा पटीने कमी पडते. १०० नॅनोमोलर समजून तुम्ही ६-७ नॅनोमोलर देत असता, आणि मग हाड येत नाही म्हणून तक्रार. याच्या उलटही घडतं. जुन्या विद्यार्थ्याच्या वहीत सायक्लोडेक्स्ट्रिनवालं वजन लिहिलेलं असतं, नवीन माणूस साधी पावडर मागवतो आणि तेच वजन घेतो. मात्रा दीड मायक्रोमोलरवर जाते आणि थेंब दिसू लागतात.

तिसरा प्रकार इंजेक्शनच्या वायलचा. औषधाच्या दुकानात सहज मिळते म्हणून वापरली जाते. तिच्यात डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट असतं. लेबलवर '४ मिलिग्रॅम प्रति मिलि डेक्सामेथासोन फॉस्फेटइतकं' असं लिहिलं असेल, तर ते ४७२.४ ने भागायचं, म्हणजे ८.५ मिलिमोलर. ३९२ ने भागलं तर १०.२ येतं आणि हिशेब वीस टक्क्यांनी चुकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा फॉस्फेट आधी तुटावा लागतो, तेव्हाच औषध रिसेप्टरला चिकटतं. सीरम असलेल्या मीडियममध्ये फॉस्फेटेज ते काम करतात. सीरमविरहित मीडियममध्ये वेग किती असेल याचा भरवसा नाही. शिवाय वायलमध्ये पॅराबेन किंवा बेंझाइल अल्कोहोलसारखे परिरक्षक असतात, ते वेगळंच. स्वस्त पडते म्हणून वायल वापरणं प्रयोगात महागात जातं.

इथेनॉलचा स्टॉक वारंवार उघडला की इथेनॉल उडतं आणि स्टॉक दाट होतो. ५० मायक्रोलिटरच्या नळीत हे लवकर जाणवतं. नळीला पॅराफिल्म लावा आणि उघडलेली नळी पुन्हा ठेवू नका.

स्टॉक जिवंत आहे की नाही याची साधी परीक्षा आहे. पेशींना २४ तास १०० नॅनोमोलर डेक्सा द्या आणि एफकेबीपी५ किंवा गिल्झ या जीनची पातळी क्यूपीसीआर या जीन मोजायच्या चाचणीने पाहा. दोन्ही ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची थेट लक्ष्यं आहेत, ठळकपणे वाढली पाहिजेत. वाढली नाहीत तर तीन आठवडे वाट पाहण्यात अर्थ नाही. सोबत एका वेलला १ मायक्रोमोलर मिफेप्रिस्टोन द्या. तो रिसेप्टर अडवतो, वाढ खाली यायला हवी.

मात्रेची प्लेट

अंदाजाने मात्रा बदलत बसण्यापेक्षा २४ वेलची एक प्लेट लावा. डेक्सा शून्य, १०, १०० आणि १००० नॅनोमोलर. प्रत्येक मात्रेला तीन वेल बीटा-ग्लिसरोफॉस्फेटसह आणि तीन त्याशिवाय. एका वेलचं क्षेत्रफळ १.९ चौरस सेंटिमीटर, म्हणून वेलला २०,००० पेशी आणि अर्धा मिलि मीडियम. चारही मात्रांत इथेनॉल सारखं राहावं यासाठी हजारपट दाट स्टॉक वेगवेगळे करा: १ मिलिमोलर, १०० मायक्रोमोलर, १० मायक्रोमोलर आणि नुसतं इथेनॉल. प्रत्येकातलं १ मायक्रोलिटर दर मिलि मीडियमला. असं केलं की शून्याच्या वेलमध्येही ०.१ टक्के इथेनॉल असतं आणि तुलना खरी होते. मूळ मीडियम कमी ग्लुकोजचं घ्या, लिटरला १ ग्रॅम. साडेचार ग्रॅमचं ग्लुकोज चरबी साठवायला हातभार लावतं. ॲस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांवर काही तासांत खराब होतं, म्हणून ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोमोलर. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, म्हणजे निर्जल मिठाचे लिटरला २.१६ ग्रॅम. बाटलीवर पंचजल मीठ लिहिलं असेल तर ३.०६ ग्रॅम. मीडियम दर तीन दिवसांनी बदला.

पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका. गोल फिरवली की पेशी मधोमध जमतात. दाटीत गोल राहिलेली पेशी चरबीकडे झुकते, पसरलेली हाडाकडे. वेलच्या मध्यावरच थेंब दिसत असतील तर औषधाला दोष देण्याआधी आपल्या हाताला द्या. प्लेट आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे हलवावी.

निकाल वाचताना १० नॅनोमोलरच्या वेलकडे आधी बघा. खनिज १००च्या जवळपास आणि थेंब कमी असतील तर पुढे १० वरच राहा, भांडण मिटलं. डेक्सा मधेच काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. मानवी पेशींत त्याने खनिजही घटण्याचा धोका आहे, म्हणून ती पहिली खेळी नको. दहावरही थेंब तेवढेच असतील तर पुढच्या मजकुराकडे वळा. आणि शून्याच्या वेलमध्येही थेंब असतील तर स्टेरॉइड बहुधा दुसरीकडून येतंय.

दुसरीकडून म्हणजे कुठून?

पहिला संशय वाढीच्या मीडियमवर. चरबीच्या पेशींसाठी तयार मिळणाऱ्या काही मीडियममध्ये हायड्रोकॉर्टिसोन असतंच. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम असेल तर ते २.८ मायक्रोमोलर झालं. डेक्सामेथासोन हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे २५ पट ताकदीचं धरलं, तर ते १०० नॅनोमोलर डेक्साच्या तोडीचं ठरतं. म्हणजे पेशी दोन-तीन पॅसेज (नव्या प्लेटमध्ये वाढीचे फेरे) स्टेरॉइडमध्येच वाढल्या, आणि तुम्ही दिवस शून्य मोजताय. प्रयोगाआधी किमान एक पॅसेज साध्या मीडियममध्ये काढा.

दुसरा संशय सीरमवर. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक असतात आणि लॉटगणिक बदलतात. एका प्रयोगात नवा लॉट आणि नवा दाता एकत्र आणू नका, नाहीतर कोणाचा दोष हे कधीच कळणार नाही. खात्री करायची असेल तर कोळशाने स्वच्छ केलेलं सीरम एका रांगेत वापरा. फक्त लक्षात ठेवा, कोळसा स्टेरॉइडबरोबर इतरही चरबीत विरघळणाऱ्या गोष्टी ओढून घेतो, त्यामुळे पेशींची वाढ मंदावते. त्याला तपासणीचं साधन समजा, रोजच्या वापराचं नव्हे.

तिसरी गोष्ट पेशींच्या अंगातलीच. चरबीच्या पेशींत ११-बीटा-एचएसडी-१ नावाचं एन्झाइम असतं. ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं सक्रिय कॉर्टिसॉल करतं. म्हणून कॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोन निष्क्रिय नियंत्रण म्हणून वापरलं तर फसगत होते. पेशी ते स्वतःच जागं करतात.

दात्याची माहितीही लिहून ठेवा. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसाची चरबी आणि न घेणाऱ्याची चरबी एका रांगेत ठेवू नये. स्टेरॉइड म्हटलं की काही दात्यांना व्यायामशाळेतलं औषध आठवतं, म्हणून दोन्ही वेगळं विचारा. टेस्टोस्टेरॉन कुळातली औषधं अँड्रोजन रिसेप्टरवर काम करतात आणि या पेशींचं चरबीत रूपांतर रोखतात, म्हणजे परिणाम उलट दिशेचा.

उलट तक्रार: चरबीच्या मीडियममध्ये चरबीच नाही

इथे डेक्सावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी आयबीएमएक्स. ०.५ मिलिमोलर म्हणजे लिटरला १११ मिलिग्रॅम. डीएमएसओतला ०.५ मोलर स्टॉक फ्रीजरमधून काढल्यावर तळाशी स्फटिक धरतो. ३७ अंशांवर कोमट करून पूर्ण विरघळू द्या आणि कोमट मीडियममध्येच घाला. इंडोमेथासिनचंही तसंच, २०० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला ७१.६ मिलिग्रॅम. स्फटिक असताना मीडियम गाळलं तर औषध फिल्टरवर बसतं आणि खाली स्वच्छ, सुंदर, निकामी मीडियम उतरतं.

मग इन्सुलिन. काही पाककृतींत १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि असतं, काहींत १० मायक्रोमोलर. दोन्ही एक नव्हे. पहिलं १.७ मायक्रोमोलर, दुसरं ५८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. इन्सुलिनचा दाट स्टॉक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात करा. साध्या पाण्यात तो गढूळ होतो.

पेशी पूर्ण दाट होऊन दोन दिवस झाल्यावरच मीडियम बदला. चौरस सेंटिमीटरला २०,००० पेशी टाकल्या तर हे लवकर होतं. उंदराच्या ३टी३-एल१ पेशींचं वेळापत्रक मानवी पेशींना लावू नका. तिथे दोन-तीन दिवसांची चेतना पुरते. मानवी पेशींत पहिले थेंब पाच-सात दिवसांत येतात आणि निकाल १४ ते २१ दिवसांनी वाचायचा असतो. तीन दिवस चेतनेचं (आयबीएमएक्ससह पूर्ण) मीडियम, एक दिवस नुसतं इन्सुलिनचं, असे तीन फेरे चालतात. आयबीएमएक्स मात्र सतत ठेवू नका. वाढलेलं सायक्लिक एएमपी जमलेली चरबी तोडायला लावतं. आणि मीडियम बदलताना वेल कोरडी करू नका. थेंबांनी भरलेल्या पेशी हलक्या असतात, शेवटच्या आठवड्यात शोषून घेताना निघून जातात.

रंगांची फसवणूक

डेक्सामेथासोन मानवी पेशींत अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडाची खूण मानलं जाणारं एन्झाइम वाढवतं, हाड होवो न होवो. म्हणून नुसत्या फॉस्फेटेजवर 'हाड झालं' असं लिहू नका. अलिझरिन रेडचंही सरळ नाही. पेशी मेल्या तरी कॅल्शियम फॉस्फेट साठतं आणि लाल रंग येतो. मीडियममुळेही रंग येऊ शकतो, म्हणून वरच्या प्लेटबरोबर पेशी नसलेली एक वेल २१ दिवस मीडियममध्ये ठेवा. ती लाल झाली तर तो रंग मीडियमचा. अलिझरिन ४० मिलिमोलर, म्हणजे १०० मिलिला १.३७ ग्रॅम, पीएच ४.१ ते ४.३. त्याच्या बाहेर गेलं की पार्श्वभूमी लाल होते किंवा रंगच बसत नाही. स्थिर केल्यावर धुवायला डिस्टिल्ड पाणी घ्या. मोजायला १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडने रंग काढून ५६२ नॅनोमीटरवर वाचा. ऑइल रेड ओ शुद्ध आयसोप्रोपॅनॉलने काढून ५१० च्या आसपास.

तिसऱ्या आठवड्यात हाडाच्या थराची चादर वेलमधून सुटून गुंडाळते. त्याला औषध कारण नसतं. पेशी जास्त टाकल्या असतात किंवा मीडियम जोराने ओतलं असतं. अर्धंच मीडियम बदला, भिंतीवरून सोडा.

कूर्चेबद्दल थोडक्यात. तिथे १०० नॅनोमोलर डेक्सा चालतं, पण गाठ कूर्चेची होत नसेल तर डेक्साशी खेळू नका. चरबीतल्या पेशी टीजीएफ-बीटा या कूर्चा घडवणाऱ्या वाढघटकाला मज्जेतल्या पेशींइतका प्रतिसाद देत नाहीत. सोबत बीएमपी-६ हा दुसरा वाढघटक दिला की फरक पडतो.

सिलिकोनच्या चिपवर काम करणाऱ्यांनी वेगळं मोजावं. पीडीएमएस (चिपचं सिलिकोन) स्टेरॉइडसारखे तेलकट रेणू शोषून घेतं. बाटलीत १०० नॅनोमोलर असलं तरी पेशीपर्यंत किती पोचलं ते सांगता येत नाही.

आणि ज्यांना या पेशी सांध्यात द्यायच्या असतात, ते कधी कधी विचारतात की सोबत डेपो स्टेरॉइड (हळूहळू विरघळणारं इंजेक्शन) टोचलं तर काय होईल. मिथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट मिलिला ४० मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे ९६ मिलिमोलर. प्लेटमधल्या १०० नॅनोमोलरच्या साडेनऊ लाख पट. त्यातलं बरंचसं न विरघळलेल्या कणांच्या रूपात असलं, तरी न पातळ केलेल्या अशा द्रवात या पेशी मरतात. एका सिरिंजमध्ये दोन्ही भरू नयेत.